नववा पाळणा

मी साबणदाणी होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागाहून कुणीतरी तुमच्या कानाशी लागायचं, आणि तुम्ही म्हणायचं, एवढा रुबाब करत होता आणि निघाला काय, तर साबणदाणी! निळ्या प्लास्टिकची, झाकण असलेली. पण माझ्यात साबण एक दिवससुद्धा राहिला नाही. दुकानातून आणल्या दिवशीच केनेशने तापवलेल्या खिळ्याने माझ्या टाळूला भोक पाडलं, आणि मी उजेड मोजणारा झालो.

म्हणजे इतकं लगेच नाही. त्याला सहा रविवार लागले.

केनेश तुयुक-जारचा फोटोग्राफर. तुयुक-जार म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यातली खाणीची वसाहत. खाणीभोवती तार, तारेला फाटक, फाटकावर बंदूकवाला. आत काय निघतं ते विचारायचं नाही. कागदोपत्री शिसं निघायचं, म्हणून सगळे शिसंच म्हणायचे, आणि म्हणताना एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. चौकाच्या कडेला केनेशची जागा होती. पुढे स्टुडिओ, मधे खिडकी नसलेली डार्करूम, मागे घर. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, आणि कुणी गेलं की थडग्यावर लावायचा फोटो. गावात माणसं जरा लवकरच जायची. त्याबद्दलही कुणी फारसं बोलत नसे.

फोटोचा पेपर घाट ओलांडून ट्रकने यायचा, वर्षातून चार वेळा, तोही ट्रक आला तर. आणि एकेका प्रिंटसाठी केनेश दोन-तीन पट्ट्या वाया घालवायचा. पाच सेकंद उजेड देऊन बघ, दहा देऊन बघ, पंधरा देऊन बघ. पट्टी टोपलीत जायची आणि त्याचा जीव तुटायचा. मग एका मासिकात त्याला एक आकृती सापडली. फोटो मोठा करून पेपरवर पाडणाऱ्या एनलार्जरखाली ठेवायचं यंत्र, चेहऱ्यावर पडलेला उजेड मोजून सांगणारं, की इतके सेकंद दे, बस. त्या आकृतीतल्या वस्तू तुयुक-जारमध्ये मिळणं अशक्य होतं. म्हणून तो विल्लीकडे गेला.

विल्ली खाणीतली मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. जर्मन, लांबोडका, बोलायला तिखट. त्याने खणातून शर्टाच्या बटणाएवढा एक डोळा काढून दिला, उजेड पडला की ज्यातून वीज सैल वाहते तो. आणि मोडीत काढलेल्या एका यंत्राचा काटा दिला, काचेसकट.

"हा कशातला?" केनेशने विचारलं.

"मोडीतला."

"मोडीत काढलं ते काय होतं?"

"लेका, तुला काटा हवाय की त्याची कुंडली?" विल्ली म्हणाला, आणि कामाला लागला.

त्या काट्यामागे जुनी मोजपट्टी होती. बारीक अक्षरं, आणि उजव्या टोकाला एक लाल रेघ. केनेशने ती पात्याने खरवडून काढली आणि वर स्वतःच्या हाताने सेकंद लिहिलेला कागद चिकटवला. माझी काही तक्रार नव्हती. आपल्या पोटात पूर्वी कोण राहून गेलं याची चौकशी कुठली साबणदाणी करते?

पहिल्या खेपेला मी साफ फसलो. डोळा बोटाने झाकला तरी काटा हलायचा. केनेश हैराण. शेवटी लक्षात आलं की माझं अंगच निळं, अर्धवट पारदर्शक. उजेड कुशीतून आत शिरत होता. मग त्याने मला आतून डांबरी काळा रंग दिला आणि वर चहाच्या पुड्याची चांदी लावली. लाल दिव्यालाही मी भुलायचो, म्हणून मोजताना तो दिवाही बंद करायची शिस्त लागली. आणि भर उजेडातून आत आणलं की माझा डोळा निवायला दहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ केनेश अंधारात उकिडवा बसून गुणगुणायचा. त्याच्या आईच्या फोटोवर त्याने मला शिकवलं. फोटोतल्या तिच्या गालावर मला ठेवलं आणि काटा जिथे थांबला तिथे लिहिलं: बारा सेकंद. त्यानंतर मी गावातल्या प्रत्येकाच्या गालावर बसलो आहे. पट्टी न कापता पहिला प्रिंट जसाच्या तसा उमटला तेव्हा केनेश डार्करूममध्ये एकटाच हसला. विल्लीने माझं नाव साबण्या ठेवलं.

आता जीपार. केनेशची बायको. प्रिंट धुणं, वाळवणं, कडा कापणं तिच्याकडे. हाताने हलकी, स्वभावाने त्याहून हलकी, पण सासूपुढे मान वर करायची नाही. सासूचं नाव काल्बूबू. सगळे आपा म्हणायचे. सासरा वारला होता. बावन्नाव्या वर्षी, खोकून खोकून. त्याचं नाव ताश्तान. आणि इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा नीट ऐका.

इथल्या सुना सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत. नुसतं नावच नाही, नावासारखा शब्दही नाही. इथल्या भाषेत ताश म्हणजे दगड. म्हणून जीपारला जन्मात दगड म्हणायची सोय नव्हती. ती दगडाला "जड" म्हणायची. तांदूळ निवडायला बसली की म्हणायची, "आज फार जड निघालं." केनेश चेष्टा करायचा, "तांदळात जड निघालं तर दाताला लागेल, आणि माझा बाप तुला वरून हसेल." ती पदर तोंडाला लावायची. त्यात वाईट असं काही नव्हतं. घरातल्या सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं.

पण डार्करूममध्येही एक "जड" होतं. ओले प्रिंट सपाट दाबायला केनेशने आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा आणला होता. त्याला दोघंही जडच म्हणायचे. "जड दे," "जड उचल." तेही अंगवळणी पडलं होतं.

जीपारची दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा आपाने ट्रंक उघडली आणि ताश्तानने खाणीतून आणलेला दगड बाहेर काढला. मुठीएवढा, काळाकुळकुळीत, द्राक्षाच्या घडासारखे फुगवटे असलेला, आणि हातात घेतला की हात खाली जाईल इतका जड. ताश्तान म्हणायचा, हा माझ्या नावाचा आहे. आपाने तो लाल नमद्याच्या, म्हणजे कुटलेल्या जाड लोकरीच्या, पिशवीत घातला, आत ट्रंकेची जुनी लोखंडी किल्ली टाकली, कारण बाळंतिणीचं काळीज नेणारी हडळ लोखंडाला भिते, आणि सुनेच्या हातात दिला.

"अंगाजवळ ठेव पोरी. हा असला की दृष्ट लागायची नाही."

केनेशला असल्या गोष्टींचा तिटकारा. लग्नात दारावर टांगलेला मणी त्याने उतरवून फेकला होता. म्हणून जीपारने ती पिशवी कुठे लपवावी? डार्करूममध्ये, पेपरच्या खणात, डब्यांवर, अगदी मागे. तिथे अंधारच असायचा. कोण बघतंय? ती रोज खण उघडायची, अंधारात हात घालून पिशवीवर तळवा ठेवायची, आणि तोच तळवा पोटावर ठेवायची. मी वरच्या फळीवर असायचो. मला वाटायचं, पोर देवाचं नाव घेते आहे.

हिवाळा सरता सरता पेपर धुरकटायला लागला.

प्रिंटमधला पांढरा रंग पांढरा उतरेना. नवरीचा पोशाख राखाडी, बर्फ राखाडी, म्हाताऱ्यांच्या दाढ्या राखाडी. केनेशने डेव्हलपर बदलला. चित्र पक्कं करणारा हायपो बदलला. लाल दिव्याला दुसरं कापड लावलं. मग कोरा पेपर, एनलार्जर न लावताच, मिट्ट अंधारात नुसता डेव्हलपरमध्ये बुडवला. तोही राखाडी.

"कुठूनतरी उजेड येतोय," तो म्हणाला. फोटोग्राफरला दुसरं काय सुचणार? पेपर काळा पडतो तो उजेडानेच, हेच तो आयुष्यभर शिकला होता. आणि उजेड शोधायला मी होतोच.

मग सुरू झाली आमची शोधाशोध. बाहेर ऊन रणरणत असताना आत दार लावून बसायचं, माझा डोळा निवू द्यायचा, आणि मग मला दाराच्या फटीला लावायचं, किल्लीच्या भोकाला, छताच्या कोपऱ्याला. मी तीन चोर पकडले. एक बिजागरीपाशी, दोन नळाच्या पाइपभोवती. केनेशने त्या फटींत नमदा ठोकला. विल्लीकडून त्याने माझा काटा आणखी हळवा करून घेतला, इतका की कुणी बाहेर काडी ओढली तरी मला कळावं. मग त्याने मला थेट पेपरच्या खणात ठेवलं. डब्यांवर. त्या पिशवीपासून चार बोटांवर. आणि मिनिटभराने लाल दिव्याची तिरीप फक्त काट्यावर पाडून बघितलं.

मी शून्य दाखवलं. खरं सांगतो, मी खोटं बोललो नव्हतो. तिथे उजेड नव्हता. शेजारी नमद्याची पिशवी होती, एवढंच मला माहीत होतं.

केनेशचा हात तिच्यापर्यंत पोचला नाही. तो उठला आणि सरळ बायकोवर गेला.

"खण तू उघडतेस?"

"उघडते," जीपार म्हणाली. तिला सातवा महिना होता. "पण दिवा लावून नाही."

"कशाला उघडतेस?"

तिने खण ढकलून बंद केला.

"माझा पेपर असा राखेसारखा होतोय, आणि तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही? कशाला उघडतेस?"

"तुम्ही हसाल," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. केनेशने खणाला कुलूप लावलं. दोन दिवसांनी तिची तब्येत बिघडली, सगळे घाबरले, आणि त्याने कुलूप काढून टाकलं. पुन्हा त्याने विचारलं नाही. पुन्हा खणही तपासला नाही.

उन्हाळ्यात मुलगी झाली. तिचं नाव तुरसुनाय ठेवलं. आधीची टिकली नाहीत, निदान ही टिकू दे, असं इथे ज्या घरात मागतात त्या घरातलं हे नाव. गोरी, गुटगुटीत, रडायची तीही चौकापलीकडे ऐकू जाईल अशी. चाळीस दिवस झाले, न्हाणं झालं, चाळीस चमचे पाणी डोक्यावरून गेलं, सगळ्या गल्लीतल्या बायका जमल्या, आणि बाळाला पट्टे बांधून पाळण्यात घातलं. त्याच दिवशी जीपारने खणातली लाल पिशवी काढून आपाला दिली. कामगिरी फत्ते झाली होती, आता पिशवीची जागा बाळाच्या उशीखाली.

आणि पुढच्या ट्रकने आलेला पेपर डार्करूममध्ये स्वच्छ उतरायला लागला. दाढ्या पांढऱ्या झाल्या, बर्फ पांढरा झाला. केनेशने माझ्या पाठीवर थाप मारली. "साबण्याने चोर हाकलला," तो येईल त्याला सांगायचा. मीही फुगलो. तुम्हीच सांगा, कोण नसता फुगला?

ऑक्टोबर लागला. नोव्हेंबरच्या सणाला चौकातल्या गौरवफलकावर खाणीतल्या बारा जणांचे मोठे फोटो लावायचे होते, आणि ट्रकचा पत्ता नव्हता. केनेशने खणाच्या तळातला जुना, धुरकटलेला डबा काढला. म्हटलं, निदान कच्चे प्रिंट तरी काढू. सवयीने त्याने सगळ्यांत वरचा पेपर आधी कोराच डेव्हलपरमध्ये टाकला, किती धुरकटलाय ते बघायला.

लाल दिव्याखाली पेपर हळूहळू काळा व्हायला लागला. पण सगळा नाही. मधेच, मुठीएवढा. कडा विरलेल्या, फुगवटे फुगवटे. आणि त्या काळ्यात एक पांढरी आकृती उमटली. दात असलेली, कडी असलेली. किल्ली.

केनेश चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला. कॅमेरा नाही, भिंग नाही, उजेड नाही, आणि फोटो. त्याने मला उचलून त्या ट्रेवर धरलं, जणू मी काही सांगणार होतो. मग पेपर हायपोत टाकला आणि हाक मारली.

"जीपार. ही आपाच्या ट्रंकेची किल्ली ना?"

ती आली, बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेली असं तिला वाटलं असणार. "हो."

"ही इथे, या डब्यावर होती?"

"होती."

"आणि किल्लीवर काय होतं?"

आता बघा. हाच प्रश्न त्याने चुलीपाशी विचारला असता तर त्याला उत्तर लगेच कळलं असतं. पण विचारला डार्करूममध्ये.

"जड होतं," जीपार म्हणाली.

केनेशची नजर रुळाच्या तुकड्याकडे गेली. "हे? हे खणात कशाला ठेवलंस?"

तिने मान खाली घातली. तिला वाटलं, त्याला सगळं कळलंय आणि तो ओरडण्याऐवजी चेष्टेवर नेतोय. त्याला वाटलं, रुळाला काहीतरी लागलंय, तेल, औषध, काय असेल ते. सगळं तिथेच बुडालं. केनेशने रुळाचा तुकडा चांगल्या पेपरच्या उरलेल्या एकुलत्या पुड्यावर ठेवला आणि वाट बघत बसला. एकोणीस दिवस. एकोणीस दिवस तुरसुनाय त्या पिशवीवर डोकं ठेवून झोपत होती. विसाव्या दिवशी पुडा उघडला तर पेपर स्वच्छ. "मग काय भुताने काढला?" तो म्हणाला, आणि किल्लीचा फोटो त्याने भिंतीवर टाचून ठेवला. गंमत म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी विल्ली आला. बारा जणांत त्याचंही नाव होतं. फोटो काढून झाला, बोलत बोलत तो डार्करूमच्या दाराशी आला, आणि त्याचं बोलणं थांबलं.

"हे काय आहे?"

केनेशने हसत हसत सगळं सांगितलं. विल्ली हसला नाही. तो फोटोजवळ गेला, बोट लावायला गेला, आणि बोट मागे घेतलं.

"घरात लहान मूल आहे ना तुझ्या?"

"आहे. का?"

"केनेश, मी कागदावर सही केलेली आहे. मी तुला काही सांगितलेलं नाही. मी इथे फोटो काढायला आलो होतो." त्याने दार ओढून घेतलं. "दगड आहे. काळा, भलताच जड. त्यातून न दिसणारे किरण निघतात, पेपर काळा करतात आणि माणसालाही आतून खातात. तो जिथे असेल तिथून काढ. आत्ता. हाताने नको, फावड्याने. आणि पोरीपासून लांब."

"दगड," केनेश म्हणाला. मग पुन्हा, हळू, "दगड. ती जड म्हणाली होती."

मी त्याच्या अंगरख्याच्या खिशात होतो, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. मागच्या खोलीत ऊन आलं होतं. आपा लोकर कातत होती. जीपार पाळण्याला झोका देत होती. केनेशने बाळाला पाळण्यातून उचललं, पट्टे न सोडताच, ओढून, आणि ती किंचाळायला लागली.

"काय झालं रे? झोपलेली पोर अशी उचलतात?" आपा म्हणाली.

"उशीखाली काय आहे?"

"तुझ्या बापाचं आहे. तुला काय करायचंय? तू हसतोस, म्हणून तुला दाखवत नाही कुणी."

"बाप कशाने गेला?"

"खोकल्याने गेला. आता काय त्याचा हिशेब मागतोस?"

केनेशने जे ऐकलं होतं ते तिथल्या तिथे सांगून टाकलं. विल्लीचं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. आपाला एक अक्षर पटलं नाही. ती उठली आणि पिशवीवर हात ठेवून उभी राहिली. दोन गेली, ही याच्यामुळे टिकली, म्हणाली. याला हात लावलास आणि पोरीला काही झालं तर माझ्यावर यायचं नाही, म्हणाली.

तेव्हा जीपार पुढे आली. सासूच्या डोळ्याला डोळा देऊन ती पहिल्यांदाच उभी राहिली असेल.

"आपा, बाजूला व्हा. तो दगड आहे."

आपाचा हात तोंडावर गेला.

"दगड आहे," जीपार पुन्हा म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "मी तेव्हाच दगड म्हणाले असते तर वीस दिवसांपूर्वी निघाला असता. दगड. ताश. ताश्तान. घ्या, नावही घेतलं. आता बाजूला व्हा."

केनेशने पिशवी चुलीच्या फावड्यावर घेतली आणि डार्करूममध्ये आणली. विल्ली तिथेच थांबला होता. भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर पसरला, चिमट्याने दगड बाहेर काढून त्यावर ठेवला. खात्री करायला. पेपरवर पडलेला डाग वस्तूएवढाच असतो, ना लहान ना मोठा, एवढं केनेशला कळत होतं.

दगड डागापेक्षा लहान होता. जवळजवळ अर्धा.

"फुटलाय," विल्ली म्हणाला. "कडा ताज्या आहेत. बाकीचा कुठे आहे?"

बाकीचा कुठे होता ते आपाने संध्याकाळी सांगितलं, रडत रडत, आणि तरी थोड्या अभिमानाने. चाळिसाव्याला बायका आल्या होत्या. दोन गेल्यावर तिसरी इतकी गुटगुटीत कशी, असं सगळ्या विचारत होत्या. तिने दगड दाखवला. कुणाच्या सुनेला दिवस राहिले होते, कुणाचं बाळ रोड होतं. मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? उंबऱ्यावर ठेवून कुऱ्हाडीच्या पाठीने तिने आठ तुकडे काढले. आठ पाळण्यांसाठी.

त्यानंतर माझं आयुष्यच बदललं. विल्लीने माझा डोळा काढला. त्या जागी बोटभर लांबीची पत्र्याची नळी बसवली, कुठून आणली ते विचारू नका. तिला वीज फार लागायची, ती पुरवणारे सेल माझ्या पोटात मावेनात, म्हणून दुसरी साबणदाणी जोडली, गुलाबी. केनेशने लिहिलेला सेकंदांचा कागद खरवडला. "काटा आपल्या जुन्या कामावर परत आला," विल्ली म्हणाला. आता मला उजेड दिसत नाही. दिवा लावला काय आणि विझवला काय. मला आता फक्त तेच दिसतं जे त्या खणात माझ्या शेजारी महिनोन् महिने पडलं होतं आणि मी शून्य म्हणत होतो.

जीपारने आठ लाल पिशव्या शिवल्या आणि नदीतले आठ काळे गोटे त्यांत भरले. केनेश कॅमेरा आणि तिला घेऊन घरोघर निघाला. बाळांचे फोटो काढतोय, म्हणायचा. मी कॅमेऱ्याच्या पिशवीत. पाळण्याजवळ गेलं की माझा काटा उठायचा. मग जीपार म्हणायची, जरा उशी वर घ्या, चेहऱ्यावर सावली पडते, आणि तिचे हलके हात पिशवी बदलून टाकायचे. तिसऱ्या घरी सुनेने तिचं मनगट धरलं.

"काय काढून घेतेस?"

"दगड," जीपार म्हणाली. "वाईट आहे तो. आजारी पाडतो."

त्या बाईने मनगट सोडलं, पण दगडाचं तिला काहीच वाटलं नाही. "सासऱ्याचं नाव घेतलंस," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका जीपारशी बोलेनाशा झाल्या. ती तरीही उरलेल्या घरी गेली.

प्रत्येक तुकड्याभोवती केनेश पेन्सिल फिरवायचा आणि तेवढा आकार कापून किल्लीच्या फोटोवर चिकटवायचा. तुकडे विल्ली शिशाच्या डब्यातून घेऊन जायचा. सात आकार झाले. सातवा तुकडा नेला आणि विल्ली परत आला नाही. त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसायला लागला. गौरवफलकावर बाराच्या जागी अकरा फोटो लागले, आणि कुणी विचारलं नाही.

तुरसुनाय आता दोन वर्षांची आहे. फळीवर हात पुरला की मला ओढते, दोन्ही साबणदाण्या छातीशी धरते आणि काट्याकडे बघते. केनेश तेव्हा दुसरीकडे बघतो. काटा थोडासा उठतो, पण तो भिंतीपाशीही तेवढाच उठतो, दाराशीही, चौकातही. जेव्हापासून ही नळी बसली तेव्हापासून मी तुयुक-जारमध्ये कुठेच शून्यावर आलेलो नाही. आणि तिच्या आत काही झालंय का, ते मला सांगता येत नाही. ते मोजायचं यंत्र मी नाही. जीपार दर आठवड्याला तिचा गळा चाचपते, काखा चाचपते.

किल्लीच्या फोटोत एक जागा अजून रिकामी आहे. अंगठ्याएवढी. आठवा तुकडा, म्हणजे तुरसुनायचा धरून नववा पाळणा. ती बाई गल्लीतली नव्हती. खालच्या खोऱ्यातली कुणीतरी, चाळिसाव्याला पाहुणी आलेली, दिवस गेलेली. आपाने नाव विचारलं नाही. पाहुणीला नाव कशाला विचारायचं? आता आपाही नाही.

मी बोलायला लागलो तो एवढ्यासाठीच. माझं कौतुक नको, साबणदाणीचं काय कौतुक. पण तुमच्या माहितीत खालच्या खोऱ्यातली एखादी बाई असेल, तिच्याकडे लाल नमद्याची पिशवी असेल, आणि पिशवीत अंगठ्याएवढा काळा, फुगवट्यांचा, आकाराच्या मानाने भलताच जड तुकडा असेल, तर तिला सांगा. ती त्याला दगड म्हणत नसेल, कठीण म्हणत असेल, काळं म्हणत असेल, काही म्हणत असेल. तिच्या सासऱ्याचं नाव काय त्यावर आहे. पण लवकर सांगा. तिचं मूल चांगलं वाढलं असेल, तर एव्हाना तिने तो दुसऱ्या कुणाला तरी दिला असेल.